सिएटलच्या सिटी कौन्सिलमध्ये कामगार कायद्यांवर कसं बोलायचं: नव्याने आलेल्यांसाठी

सिएटल शहराच्या हद्दीत २०२६ साली किमान वेतन तासाला २१.३० डॉलर आहे. लेक वॉशिंग्टनवरचा पूल ओलांडून बेल्व्ह्यूत गेलात की राज्याचा दर लागतो, १७.१३ डॉलर. कॉफी तीच, एप्रन तसाच, तासामागे चार डॉलर कमी. हा फरक वॉशिंग्टन डीसीतून आलेला नाही आणि ऑलिंपियातल्या राज्य सरकारकडूनही नाही. सिएटल सिटी कौन्सिलने २ जून २०१४ रोजी एकमताने केलेल्या कायद्यातून तो आला.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला पगारासाठी शहराच्या दारात जायचं हे सुचतच नाही, आणि त्यात नवल नाही. आपल्याकडे किमान वेतन राज्य सरकार जाहीर करतं. मुंबईत महापालिकेचा दुकानाशी संबंध येतो तो परवान्यांपुरता, आणि महापालिकेच्या सभेत नागरिकाला फार तर प्रेक्षक सज्जात बसून ऐकता येतं. सिएटलमध्ये कोणीही नाव नोंदवून नगरसेवकांसमोर बोलू शकतं. त्या अर्थी ही सभा आपल्या ग्रामसभेच्या जास्त जवळची, फक्त इथे प्रत्येकापुढे घड्याळ चालू असतं.

हा लेख तासावर काम करणाऱ्यांसाठी आहे: कॅफेतले, दुकानातले, हॉटेलातले, घरी जाऊन मुलं सांभाळणारे, अ‍ॅपवर डिलिव्हरी करणारे. छोटं रेस्टॉरंट चालवणाऱ्या मालकांनाही तो उपयोगी पडेल. बोलण्याचा हक्क त्यांनाही तितकाच आहे, आणि खरं सांगायचं तर तो ते कामगारांपेक्षा जास्त नेमाने वापरतात.

आधी हद्द तपासा

इथले कामगार कायदे तुम्ही राहता कुठे ते बघत नाहीत, काम कुठे करता ते बघतात. घर रेडमंडला आणि नोकरी कॅपिटॉल हिलवर असेल तर तुम्हाला सिएटलचा दर मिळाला पाहिजे. उलट असेल तर नाही.

पत्त्यावर ‘सिएटल’ लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. व्हाइट सेंटर आणि स्कायवे इथल्या पत्त्यांवर टपाल खात्याच्या हिशेबाने ‘सिएटल’ येतं, पण त्या वस्त्या शहराच्या हद्दीबाहेर आहेत आणि किंग काउंटीच्या अखत्यारीत येतात. काउंटीने आपल्या अशा भागासाठी १ जानेवारी २०२५ पासून वेगळं किमान वेतन लागू केलंय. तक्रार असेल तर काउंटी कौन्सिलकडे जायचं. आजूबाजूच्या गावांची कथा आणखी निराळी. सी-टॅकमध्ये २०१३ साली, टकविलामध्ये २०२२ साली आणि रेंटनमध्ये २०२४ साली वाढीव वेतन थेट मतदारांनी मतपत्रिकेवर मंजूर केलं. तिथे सभेत बोलण्याइतकंच सह्या गोळा करणंही महत्त्वाचं ठरलं.

इथून पुढे सगळं सिएटल शहराविषयी.

कौन्सिल म्हणजे कोण

९ सदस्य. ७ जण शहराच्या सात विभागांतून निवडून येतात, २ जण सगळ्या शहरातून. म्हणजे सिएटलमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाचे तीन नगरसेवक असतात: एक आपल्या विभागाचा आणि ते दोघे. लोक आपल्या विभागाच्या सदस्याला गाठतात आणि उरलेल्या दोघांना विसरतात. तसं करू नका. कामाची जागा दुसऱ्या विभागात असेल तर तिथल्या सदस्यालाही सांगायला हरकत नाही: ‘मी तुमच्या विभागात रोज आठ तास उभी असते’ हे वाक्य ऐकलं जातं.

पूर्ण कौन्सिलची सभा एरवी मंगळवारी दुपारी २ वाजता, फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या सिटी हॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर भरते. लाइट रेलने पायोनियर स्क्वेअर स्टेशनला उतरा आणि चढ चढून या. दुपारी दोनला कामगाराला सुट्टी कुठली, हा प्रश्न रास्त आहे. त्याचा इलाज पुढे येतो.

कामगारांचे इतके कायदे एकामागून एक करणारी शहरं अमेरिकेत फार थोडी. २०११ मध्ये पगारी आजारपणाची रजा, २०१४ मध्ये तासाला १५ डॉलर किमान वेतन, २०१६ मध्ये मोठ्या दुकानांत आणि खाद्यसाखळ्यांत वेळापत्रक १४ दिवस आधी देण्याची सक्ती, २०१८ मध्ये घरकामगारांसाठी कायदा, २०२२ मध्ये अ‍ॅपवर काम करणाऱ्यांसाठी किमान मोबदला. प्रत्येक कायदा मोडायला, वाकवायला किंवा वाढवायला पुन्हा याच सभागृहात यावं लागतं. त्यामुळे इथे विषय कधी संपत नाहीत.

पहिली पायरी: विधेयकाचा नंबर मिळवा

‘किमान वेतनाचं काहीतरी चाललंय’ एवढ्यावर काही होत नाही. प्रत्येक विधेयकाला ‘सीबी’ (कौन्सिल बिल) आणि पुढे सहा आकडी नंबर असतो. जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारं २०२३ चं विधेयक सीबी १२०५११ होतं. अ‍ॅप कामगारांच्या मोबदल्यात फेरबदल करू पाहणारं २०२४ चं विधेयक सीबी १२०७७५. मंजूर झालं की त्याला ऑर्डिनन्स (इथे अध्यादेश नव्हे, शहराचा कायदा) म्हणून दुसरा नंबर मिळतो, तोही टिपून ठेवा, कारण पुढची सगळी कागदपत्रं त्या नावाने निघतात.

हे नंबर आणि कागद लेजिस्टार नावाच्या प्रणालीवर मिळतात. कौन्सिलच्या संकेतस्थळावरून तिथे जाता येतं. विषय टाकून शोधा, हाती आलेल्या विधेयकावर टिचकी मारा, खाली जोडपत्रांची यादी दिसेल: विधेयकाचा मजकूर, सारांश आणि खर्चाची टीप, दुरुस्त्या, सादरीकरणं आणि सेंट्रल स्टाफचं टिपण.

ते शेवटचं टिपण आधी उघडा. सेंट्रल स्टाफ म्हणजे कौन्सिलचे पगारी अभ्यासक, कुठल्याही एका सदस्याचे नव्हेत. विधेयक काय बदलतं, कोणाला लागू होतं, कुठे वाद आहे आणि सदस्यांपुढे कोणकोणते पर्याय आहेत, हे ते बरंच सरळ लिहितात. विधेयक आणणारा सदस्य आणि विरोधक दोघेही आपापल्या पत्रकांत जे झाकतात ते बहुतेक वेळा या टिपणात सापडतं.

समित्यांचे अजेंडे ई-मेलने यावेत म्हणून नाव नोंदवता येतं. ते पहिल्याच दिवशी करून टाका. राज्याच्या खुल्या सभांच्या कायद्यानुसार नियमित सभेचा अजेंडा किमान २४ तास आधी ऑनलाइन यावा लागतो. प्रत्यक्षात तो सहसा त्याहून आधी येतो, पण सोमवारी रात्री अजेंडा पाहून मंगळवारी सुट्टी मागणं कठीणच.

दुसरी पायरी: मजकूर वाचा, निदान तीन जागा

विधेयकाची पहिली काही पानं ‘ज्याअर्थी’ छापाच्या परिच्छेदांची असतात. ती सोडून पुढे गेलात तरी चालेल. पुढे जुना कायदा आणि नवा बदल एकत्र छापलेला असतो: जे काढायचं ते दुहेरी कंसात, वर काट मारून, जे घालायचं ते अधोरेखित. फोनवर वाचताना ही काट कधीकधी नीट दिसत नाही आणि माणूस रद्द होणारं वाक्यच नवा कायदा समजून बसतो. म्हणून दुहेरी कंसावर नजर ठेवा.

सगळं वाचायला वेळ नसेल तर तीन जागा बघा.

पहिली जागा व्याख्या. कायदा कोणाला लागू हे तिथे ठरतं. २०१६ च्या वेळापत्रकाच्या कायद्यात मालकाकडे जगभर मिळून ५०० किंवा जास्त कामगार असावे लागतात. ‘जगभर’ हा शब्द काढला तर शहरातली कितीतरी दुकानं एका फटक्यात सुटतील. किमान वेतनाच्या कायद्यात फ्रँचायझीची मोजणी सगळ्या साखळीची मिळून होते. म्हणून दहा माणसांचं बर्गरचं दुकानही मोठा मालक ठरलं. फ्रँचायझीवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले, पण २०१५ मध्ये अपील कोर्टाने त्यांना दाद दिली नाही. लढाई एका व्याख्येवर होती.

दुसरी जागा तारखा. माझ्या मते सगळ्यात कमी वाचला जाणारा आणि सगळ्यात महाग पडणारा भाग हाच. १५ डॉलरच्या कायद्यात छोट्या मालकांना एक सवलत होती: कामगाराला मिळणारी टिप किंवा आरोग्यविम्याचा हिस्सा वेतनात धरून ते कमी दर देऊ शकत होते. तिची मुदत २०२४ च्या अखेरीस संपणार, हे २०१४ मध्येच लिहून ठेवलेलं होतं. २०२४ चा उन्हाळा आला आणि सगळ्यांना एकदम ती तारीख दिसली. सवलतीचा दर तेव्हा १७.२५ डॉलर होता आणि १ जानेवारी २०२५ ला सरसकट २०.७६ होणार होता. म्हणजे एका रात्रीत तासाला साडेतीन डॉलर. सवलत कायम करण्याचा प्रस्ताव आला, कामगार आणि युनियन्स सभागृहात जमल्या, छोटे रेस्टॉरंटवालेही आले, आणि शेवटी प्रस्ताव मागे घेतला गेला. दोन्ही बाजूंना दहा वर्षं मिळाली होती.

तिसरी जागा अंमलबजावणी. मालकाने कायदा मोडला तर दंड किती, तक्रार कोणाकडे करायची, आणि कामगाराला स्वतः कोर्टात जाता येतं की नाही. हक्क तसेच ठेवून नेमकं हे शेवटचं कलम पातळ करणं ही जुनी युक्ती आहे. वरवर बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही.

तिसरी पायरी: समिती गाठा

रस्ता असा असतो. विधेयक दाखल होतं, एखाद्या समितीकडे जातं, समिती चर्चा करते, दुरुस्त्या करते, शिफारशीसह पूर्ण कौन्सिलकडे पाठवते, तिथे मतदान होतं, मग महापौर. बातम्या येतात त्या शेवटच्या मतदानाच्या. गर्दीही त्याच दिवशी होते. आणि तोवर बरंचसं ठरून गेलेलं असतं.

२०१४ चंच बघा. १५ डॉलरचा कायदा १ जानेवारी २०१५ पासून लागू व्हायचा होता. समितीत दुरुस्ती झाली आणि तारीख १ एप्रिल झाली. हजारो कामगारांची तीन महिन्यांची वाढ एका ओळीत गेली. २ जूनला सभागृहात जल्लोष झाला तेव्हा ही ओळ कायद्यात जाऊन बसलेली होती.

म्हणून ज्याच्याकडे एकच सुट्टी आहे त्याला मी सांगेन की ती मतदानाच्या मंगळवारी घालवू नका, समितीच्या सभेला वापरा. तिथे माणसं कमी असतात, सदस्य प्रश्न विचारत असतात, टिपण ताजं असतं आणि दुरुस्तीला जागा असते. कुठल्या समितीकडे कामगारांचे विषय जातात हे दर निवडणुकीनंतर बदलू शकतं, समित्यांची नावंसुद्धा बदलतात. जुन्या लेखावर विसंबू नका, या लेखावरही नाही. नंबर टाकून बघा, विधेयक कुठे आहे ते लेजिस्टारच सांगेल.

समितीतून पुढे गेलेलं सगळं मंजूर होतंच असंही नाही. सीबी १२०७७५ ची गंमत ऐकण्यासारखी आहे. २०२२ च्या कायद्याने अ‍ॅप कामगारांचा किमान मोबदला ठरवला, तो १३ जानेवारी २०२४ पासून लागू झाला: त्या वर्षी मिनिटाला ४४ सेंट आणि मैलाला ७४ सेंट. कंपन्यांनी ऑर्डरमागे जवळपास पाच डॉलरचं शुल्क लावलं, ऑर्डरी घटल्या, आणि दर खाली आणायचं विधेयक आलं. चालक दोन्ही बाजूंनी बोलायला आले. काही म्हणाले तासाचा हिशेब आता कुठे जमतोय, काही म्हणाले ऑर्डरच नाहीत तर दर घेऊन काय करू. समितीने विधेयक पुढे पाठवलं, पण पूर्ण कौन्सिलमध्ये मतांची जुळणी होईना, मतदान पुढे ढकललं गेलं आणि विधेयक तसंच पडून राहिलं. इथे ‘कामगारांचं म्हणणं’ असं एक काही नव्हतंच. ज्याच्याकडे स्वतःच्या आठवड्याचा हिशेब होता त्याच्या बोलण्याला वजन आलं.

चौथी पायरी: नाव नोंदवा

दोन वाटा आहेत. प्रत्यक्ष जाणार असाल तर सभागृहात एक तक्ता ठेवलेला असतो, सभा सुरू होण्याआधी त्यावर नाव आणि विषय लिहायचा. अर्धा तास आधी पोचा. वादाचा विषय असेल तर त्याहून आधी.

दुसरी वाट फोनची, आणि दुपारी दोनचा इलाज हाच. सभेच्या दिवशी कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी उघडते. तिथे जो फोन नंबर देता त्याच नंबरवरून फोन करायचा, दुसऱ्यावरून केलात तर तुम्हाला ओळखत नाहीत. तुमचं नाव पुकारलं की ‘तुमचा आवाज सुरू केला आहे’ अशी इंग्रजी सूचना ऐकू येते आणि तुम्हाला फोनवर तारा (*) आणि सहा दाबावं लागतं. ते न दाबताच बोलत राहणारे दर सभेत एखाददुसरे असतात. सभा सिएटल चॅनल या शहराच्या वाहिनीवर चालू ठेवली असेल तर तिचा आवाज बंद करा. ते प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं आणि स्वतःचाच आवाज कानात पडला की वाक्य तुटतं. ब्रेकमध्ये, गोदामाच्या मागे उभं राहून बोललात तरी चालतं. मागचा आवाज कोणाला खटकत नाही.

नुसतं ऐकायला जाणार असाल तर नाव द्यावं लागत नाही. राज्याचा कायदाच सांगतो की हजर राहण्यासाठी नाव नोंदवण्याची अट घालता येत नाही. बोलायचं असेल तरच नोंदणी. अंतिम निर्णय होणार असलेल्या नियमित सभेत किंवा तिच्याआधी लोकांना बोलायची संधी दिलीच पाहिजे, हे २०२२ पासून राज्याच्या कायद्यात आलंय. किती वेळ, हे मात्र अध्यक्षांच्या हातात.

दुभाषा हवा असेल तर कौन्सिलच्या कार्यालयाला काही दिवस आधी कळवा. मराठीचा माणूस आयत्या वेळी मिळणं अवघड.

पाचवी पायरी: दोन मिनिटं

साधारण दोन मिनिटं मिळतात. गर्दी असली की एक. इंग्रजीत दोन मिनिटांत दोनशे तीस ते अडीचशे शब्द शांतपणे होतात, त्याच्यावर नाही. दोन आवृत्त्या तयार ठेवा, एक पूर्ण आणि एक निम्मी. अध्यक्षांनी वेळ कमी केली की हातातला कागद बघत कुठलं वाक्य गाळू म्हणून अडखळणारे खूप दिसतात.

बोलायचा क्रम माझ्या अनुभवात हा सगळ्यात चालतो: नाव, कुठे राहता किंवा काम करता, विधेयकाचा नंबर, बाजू. पहिल्या पंधरा सेकंदांत हे झालं पाहिजे, कारण सदस्यांचे साहाय्यक समोर बसून तेवढंच टिपत असतात. मग स्वतःची एक गोष्ट, आकड्यासकट. मग एक मागणी.

नमुना म्हणून समजा कोणी वेळापत्रकाच्या कायद्यावर बोलतंय. ती मराठीत असं म्हणेल:

‘मी बॅलार्डमध्ये राहते आणि डाउनटाउनच्या एका मोठ्या दुकानात काम करते. मी या विधेयकातल्या दुसऱ्या दुरुस्तीच्या विरोधात बोलतेय. रात्री दुकान बंद करून मी साडेअकराला निघते. सकाळी सहाला पुन्हा उघडायला बोलावलं तर मधे साडेसहा तास मिळतात, त्यात दोन वेळचा बस-प्रवास. आजचा कायदा म्हणतो की मधे दहा तास नसतील तर कमी पडलेल्या विश्रांतीच्या तासांत केलेल्या कामाचे दीडपट पैसे द्या. ते पैसे द्यावे लागतात म्हणून माझा मॅनेजर मला असं बोलावत नाही. दुरुस्तीने ते पैसे गेले की तो बोलावणार. दुसरी दुरुस्ती नाकारा.’

यात ‘अन्याय’, ‘शोषण’, ‘प्रतिष्ठा’ यांतला एकही शब्द नाही. ते शब्द चुकीचे आहेत म्हणून नव्हे. त्या दुपारी तेच शब्द आणखी चाळीस जण वापरणार आहेत, साडेअकरा आणि सहा हे दोन आकडे मात्र तुमच्याशिवाय कोणाकडे नाहीत. मालकांनाही हेच लागू. ‘छोटे उद्योग मरतील’ म्हणण्यापेक्षा आपल्या हॉटेलात किती माणसं आहेत, पगाराचा वाटा किती आहे आणि जानेवारीत कुठली पाळी बंद करावी लागली, हे सांगा.

कंपनीचं नाव घ्यायची गरज नाही. मॅनेजरचं तर मुळीच नाही.

बोलून झाल्यावर उत्तराची वाट पाहू नका. सदस्य सहसा उत्तर देत नाहीत, काही जण लॅपटॉपकडे बघत असतात, एखादा उठून जातो. पहिल्यांदा हे फार लागतं. आपल्याकडच्या सभेत कोणी तरी ‘बरं, बघू’ इतकं तरी म्हणतो. इथे घंटा वाजते आणि पुढचं नाव पुकारलं जातं. मात्र वेळ संपल्यावर बोलत राहिलात किंवा विषय सोडून भलतंच काढलंत तर माइक बंद होतो.

सभागृहाबाहेर

मंगळवारच्या दोन मिनिटांपेक्षा सदस्याच्या साहाय्यकाबरोबरची दहा मिनिटं जास्त कामाची, असं माझं ठाम मत झालंय. दुरुस्तीचा मसुदा हीच तरुण मुलं-मुली हाताळतात. ‘अमुक नंबरच्या विधेयकावर, तुमच्या विभागात काम करणारी, दहा मिनिटं हवी आहेत’ असा चार ओळींचा ई-मेल टाका. उत्तर आलं नाही तर आठवड्याने पुन्हा. तिघं-चौघं मिळून गेलात तर आणखी बरं, पण प्रत्येकाने वेगळी गोष्ट सांगायची.

लेखी म्हणणंही पाठवता येतं आणि ते सगळ्या नऊ जणांना जातं. एकाच मजकुराची शेकडो पत्रं आली की ती मोजली जातात, वाचली जात नाहीत. स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या सहा ओळी वाचल्या जातात.

व्हिसावर असलेल्यांनी हे वाचाच

नागरिक नसलेल्या माणसालाही बोलता येतं. कोणी पासपोर्ट बघत नाही, पत्त्याचा पुरावा मागत नाही. एच-१बी, एच-४, विद्यार्थी, कोणीही. सभेत मत मांडणं म्हणजे नोकरी करणं नव्हे.

पण दोन गोष्टी डोक्यात असू द्या. सभेचं चित्रीकरण कायम राहतं, आणि तुम्ही पाठवलेला ई-मेल हा सार्वजनिक कागद ठरतो. राज्याच्या कायद्याखाली तो कोणीही मागू शकतं, तुमचा मालकसुद्धा. दुसरी जास्त नाजूक. आपल्या व्हिसावर ज्या कामाची परवानगी नव्हती ते काम केल्याची गोष्ट, कितीही खरी आणि कळवळ्याची असली, तरी माइकवर सांगू नका. विद्यार्थी असताना अ‍ॅपवर डिलिव्हरी केली असेल तर ती गोष्ट आधी वकिलाला सांगा, कौन्सिलला नाही. त्याच विषयावर दुसऱ्या कोणाला बोलू द्या, तुम्ही त्याचं भाषण लिहून द्या.

गर्दीचा दिवस कसा असतो

२१ फेब्रुवारी २०२३ चा मंगळवार. शहराच्या भेदभावविरोधी कायद्यात जात हा शब्द घालायचं विधेयक मतदानाला होतं. मांडणाऱ्या होत्या पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या नगरसेविका क्षमा सावंत. नोकरी, घर, सार्वजनिक सेवा या सगळ्यांना तो लागू होणार होता. बोलण्यासाठी तीनशेहून अधिक नावं आली. बाहेर बोचरी थंडी आणि वारा असताना लोक पहाटेपासून सिटी हॉलपुढे रांगेत उभे होते. आंबेडकरी संघटना पाठिंब्याला, हिंदू अमेरिकन फाउंडेशन विरोधात, आणि दोन्हीकडे भारतीय चेहरे. कौन्सिलने साधारण निम्म्या लोकांना ऐकून घेतलं आणि चर्चा, मतदान सुरू केलं. ६ विरुद्ध १ मतांनी कायदा झाला. असा कायदा करणारं सिएटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर.

निम्म्या लोकांची पाळी आलीच नाही, हे लक्षात घ्या. अशा दिवशी जाणार असाल तर लेखी म्हणणं आदल्या दिवशीच पाठवून द्या. पाळी आली नाही तरी ते नोंदीत राहतं. गटाने येत असाल तर कोण बोलणार आणि कोण नुसतं उभं राहणार हे आधी ठरवा. एकाच घरातल्या चौघांनी तेच बोलण्यात रांगेतल्या तिघांची संधी जाते.

मतदानानंतर

महापौरांकडे दहा दिवस असतात: सही करायची, सही न करता परत पाठवायचं किंवा नकाराधिकार वापरायचा. नकार फिरवायला नऊपैकी सहा मतं लागतात. सर्वसाधारण विधेयक सहीनंतर तीस दिवसांनी अमलात येतं, पण खरी तारीख बहुतेकदा कायद्याच्या पोटात वेगळी लिहिलेली असते. वेळापत्रकाचा कायदा सप्टेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला आणि लागू झाला जुलै २०१७ मध्ये.

या मधल्या काळात शहराचं कामगार मानक कार्यालय, सगळे ज्याला ओएलएस म्हणतात, तपशीलवार नियम लिहितं आणि त्यावर सूचना मागवतं. इथे गर्दी अजिबात नसते. कॅमेरे नसतात, घोषणा नसतात. मोठ्या कंपन्यांचे वकील मात्र न चुकता असतात. कौन्सिलमध्ये बोलायचा धीर होत नसेल तर सुरुवात इथून करा.

तुमचा स्वतःचा पगार अडकला असेल तर मात्र कौन्सिलची वाट धरू नका. थेट ओएलएसकडे तक्रार करा. तीन वर्षांपर्यंतची प्रकरणं ते घेतात, आणि स्थलांतराचा दर्जा काय हे विचारत नाहीत. तक्रार केल्यावर नव्वद दिवसांच्या आत मालकाने तास कापले किंवा कामावरून काढलं, तर तो सूड नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. जातीवरून त्रास झाला असेल तर कार्यालय वेगळं, शहराचं नागरी हक्क कार्यालय.

शेवटी कॅलेंडर. ऑगस्टच्या शेवटी आणि डिसेंबरच्या शेवटी कौन्सिल सुट्टीवर असतं. सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत सगळे सदस्य बजेटमध्ये बुडालेले असतात आणि नेहमीच्या समित्या बसत नाहीत. त्या दिवसांत साहाय्यकांना भेटीची विनंती केलीत तर उत्तर येणार नाही, आणि आलं तर ते बजेटबद्दल असेल. कामगारांच्या विधेयकांवर खरं काम होतं ते जानेवारी ते जुलैच्या दरम्यान.